ट्रायपॉड कुठला घ्यावा? सातारा-सांगलीकडून नेहमी येणारे प्रश्न

कॅमेरा झाला, लेन्स झाली, की पुढचा फोन ट्रायपॉडसाठी येतो. साताऱ्यात फोटोग्राफी शिकवताना विद्यार्थी, त्यांचे पालक आणि लग्नाची कामं करणारी मुलं तेच तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. माझं एक मत सगळ्या उत्तरांत दिसेल: दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर उभा करून ट्रायपॉड निवडू नये. तो कासच्या कातळावर, चाळकेवाडीच्या वाऱ्यात आणि कृष्णाकाठच्या गाळात उभा राहणार आहे, तर निवडही त्या जागा डोळ्यांपुढे ठेवूनच करावी. काही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. आता कॅमेऱ्यातच स्टॅबिलायझेशन येतं. मग ट्रायपॉड लागतो कशाला?

हातात कॅमेरा धरून फोटो काढण्याचा जुना ठोकताळा असा: लेन्स जितक्या मिलिमीटरची, शटर निदान तितक्याव्या सेकंदाचं. ५० मिमीला १/५०, २०० मिमीला १/२००. स्टॅबिलायझेशनमुळे (हाताची थरथर कॅमेरा स्वतःच सावरतो ती सोय) यात तीन-चार स्टॉप सहज मिळतात (एक स्टॉप म्हणजे शटरचा वेळ दुप्पट), म्हणजे ५० मिमीवर १/६ सेकंदालाही फोटो स्थिर येऊ शकतो. पण धबधब्याला दोन सेकंद किंवा ताऱ्यांना वीस सेकंद शटर उघडं ठेवायचं असेल, तर कुणाचाच हात पुरत नाही. टाइमलॅप्स, एकाच फ्रेमची वेगवेगळ्या एक्स्पोजरची चित्रं, स्वतःसकट घरच्यांचा ग्रुप फोटो, लांबलचक व्हिडिओ, या सगळ्यांना ट्रायपॉड हवाच.

दिवसाच्या उजेडात मुलांचे, सहलीचे, वाढदिवसाचे फोटो एवढंच तुमचं काम असेल, तर तूर्त घेऊ नका. ते पैसे बाजूला ठेवा.

२. विकत घेताना सगळ्यात आधी काय बघायचं?

स्वतःला तीन गोष्टी विचारा. वर काय बसणार, म्हणजे तुमच्याकडची सगळ्यात जड बॉडी आणि लेन्स मिळून वजन किती? तो उचलून कुठवर न्यायचा, गाडीच्या डिकीतून काढून दहा पावलं, की अजिंक्यताऱ्याच्या चढावर पाठीवर? आणि तो कुठे उभा राहणार, हॉलमधल्या फरशीवर, की पठारावरच्या वाऱ्यात?

या तीन उत्तरांतून ट्रायपॉड जवळजवळ ठरतोच. हलका, भक्कम आणि स्वस्त हे तिन्ही गुण एकत्र मिळत नाहीत. दोन निवडायचे आणि तिसरा सोडायचा. माझा सल्ला विचाराल तर भक्कमपणा कधी सोडू नका. जो ट्रायपॉड हलतो, तो पाठीवरून वाहून नेण्यात काय अर्थ आहे?

३. माझी उंची ५ फूट ६ इंच आहे. किती उंचीचा ट्रायपॉड घेऊ?

५ फूट ६ इंच म्हणजे साधारण १६८ सेंमी. डोळे त्याच्या १०-१२ सेंमी खाली, म्हणजे १५७ च्या आसपास. त्यातून बॉल हेडची (पायांच्या माथ्यावरचा, कॅमेरा धरून वळवणारा गोळ्याचा सांधा) उंची साधारण १० सेंमी आणि कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडरपर्यंतचे ८-९ सेंमी वजा करा. उरले १३८ ते १४० सेंमी. नुसते पाय पूर्ण उघडल्यावर एवढी उंची मिळाली, की सपाट जागेवर वाकायला लागत नाही.

पण आपल्याकडे सपाट जागा मिळते कुठे? मेणवलीच्या घाटावर दोन पाय खालच्या पायरीवर आणि एक वरच्या पायरीवर ठेवायचा, तर खालच्या दोन पायांना जास्तीची लांबी लागतेच. म्हणून १५-२० सेंमी शिल्लक ठेवा.

खोक्यावर छापलेली कमाल उंची मधला दांडा पूर्ण वर ओढून मोजलेली असते. तो आकडा विसरून जा. दांडा वर ओढला की तीन पायांवरचा कॅमेरा एका काठीच्या टोकावर जाऊन बसतो, आणि वाऱ्याची झुळूक आली तरी थरथरतो. जाहिरातीत ‘दांड्याशिवाय उंची’ वेगळी दिली असेल तर ती बघा, नसेल तर दुकानात टेप लावून मोजा.

४. खोक्यावर ‘८ किलो क्षमता’ लिहिलंय. माझा कॅमेरा दीड किलोचा आहे, मग कुठलाही चालेल ना?

तसं धरून चालू नका. ही क्षमता मोजायची सगळ्या कंपन्यांची मिळून एकच पद्धत नाही. कुणी पाय मोडेपर्यंतचं वजन धरतं, कुणी त्याच्या बरंच अलीकडे थांबतं. एवढ्या वजनाने ट्रायपॉड कोसळणार नाही, इतकंच त्या आकड्यातून कळतं. फोटो हलणार नाही असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं. आपल्या सगळ्यात जड जोडणीच्या निदान अडीच-तीन पट क्षमता बघावी. पाय आणि हेड यांची क्षमता वेगवेगळी असते. त्यातली कमी असेल ती खरी.

त्यापेक्षा भरवशाची परीक्षा दुकानातच होते. पाय पूर्ण उघडा, मधला दांडा खालीच राहू द्या. आपला कॅमेरा आणि आपली सगळ्यात लांब लेन्स लावा. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसणारं चालू चित्र) सुरू करून रस्त्यापलीकडच्या एखाद्या पाटीवर दहा पट झूम करा. मग एका पायाला बोटाने हलकी टिचकी मारा आणि पडद्याकडे बघत राहा. पाटीवरची अक्षरं थरथरतील आणि मग थांबतील. चांगल्या ट्रायपॉडवर ती लगेच जागेवर येतात, नरम ट्रायपॉडवर दोन-तीन सेकंद डुलत राहतात. दोन-तीन मॉडेलांवर एकापाठोपाठ हे करून बघितलं, की कुठला घ्यायचा हे दुकानदाराला विचारावंच लागत नाही.

५. ॲल्युमिनियम की कार्बन फायबर?

त्याच मापाचा कार्बनचा ट्रायपॉड ॲल्युमिनियमपेक्षा साधारण पाव ते एक तृतीयांश हलका असतो. बारीक कंपनं तो लवकर शोषतो, आणि डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरला हाताला गारठा देत नाही. किंमत मात्र बऱ्याचदा दुप्पट पडते. ॲल्युमिनियमला दगडाचा मार बसला तर पोचा येतो, पण काम चालू राहतं. कार्बनची नळी जोराच्या घावाने तडकू शकते.

पाठीवर घेऊन डोंगर चढणार असाल तर कार्बनचे पैसे वसूल होतात. गाडीतूनच काम असेल तर ॲल्युमिनियम घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या हेडला घाला. हलका ट्रायपॉड वाऱ्यात डगमगू लागतो, त्यावरचा इलाज प्रश्न १२ मध्ये आहे.

६. पायांचे टप्पे तीन असावेत, चार की पाच? आणि लॉक कुठलं, खटक्याचं की पिळायचं?

टप्पे वाढले की मिटल्यावर ट्रायपॉड आखूड होतो, पण शेवटची नळी बारीक होत जाते. सगळा डोलारा त्या नळीवर उभा असतो. पाच टप्प्यांच्या प्रवासी मॉडेलमध्ये ती कधीकधी करंगळीएवढी असते. बहुतेकांना चार टप्पे योग्य. सतत गाडीने फिरणाऱ्याने तीन टप्प्यांचाच घ्यावा. पाय उघडताना आधी वरची जाड नळी उघडायची, बारीक नळीची पाळी शेवटी. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

लॉक आवडीप्रमाणे घ्या. खटका लागलाय की नाही ते लांबून दिसतं, आणि सैल झाला तर बऱ्याच मॉडेलांत स्क्रू आवळता येतो. पिळायचं लॉक झुडपात, पिशवीच्या पट्ट्यात अडकत नाही, पण आत वाळू गेली की करकरतं. साफसफाईचं प्रश्न १९ मध्ये बघा.

७. हेड वेगळं घ्यावं लागतं का? बॉल हेड घेऊ की तीन दांड्यांचं?

स्वस्त ट्रायपॉडचं हेड पायांना कायमचं जोडलेलं असतं. असा शक्यतो घेऊ नका, कारण हेड बिघडलं की सगळाच वाया जातो. चांगल्या ट्रायपॉडच्या माथ्यावर ३/८ इंचाचा स्क्रू असतो, त्यावर हवं ते हेड बसतं. कॅमेऱ्याच्या तळाला बसणारा स्क्रू पाव इंचाचा असतो. या दोन मापांमधलं पितळी बुश पन्नास-शंभर रुपयांत मिळतं. एक जास्तीचं पिशवीत टाकून ठेवा.

हेडची निवड कामावरून होते. निसर्ग, प्रवास, सगळं थोडं थोडं करायचं असेल तर बॉल हेड. एक नॉब सैल केला की कॅमेरा हवा तसा वळतो. घेताना एवढंच तपासा: नॉब आवळल्यावर कॅमेरा नाक खाली करून किंचित घसरतो का? काही हेडमध्ये घसरतो, आणि मग क्लोजअपची फ्रेम दर वेळी बिघडते. इमारती, देवळाची दीपमाळ, वस्तूंचे फोटो यांना तीन दांड्यांचं हेड बरं, कारण एक दिशा सुधारताना दुसरी हलत नाही. व्हिडिओला फ्लुइड हेड लागतं (प्रश्न १६), मोठ्या लेन्सला गिंबल हेड (प्रश्न १५).

८. मित्राची प्लेट माझ्या हेडला बसत नाही. असं का?

प्लेट म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडमध्ये अडकवायची पट्टी, आणि तिचे प्रकार अनेक आहेत. आता सर्वांत जास्त चालतो तो आर्का-स्विस पद्धतीचा, म्हणजे दोन्ही कडा तिरक्या कापलेली, सुमारे ३८ मिमी रुंद प्लेट. नवीन घेताना हाच प्रकार घ्या, म्हणजे पुढे हेड बदललं तरी प्लेट चालेल. एल आकाराची प्लेटही याच पद्धतीची मिळते. उभा फोटो काढताना ती असली तर बॉल हेड एका कुशीवर पाडावं लागत नाही, कॅमेरा पायांच्या बरोबर मधोमध राहतो.

प्लेट हरवणं हा ट्रायपॉडचा सगळ्यात मोठा आजार आहे. ती कॅमेऱ्यालाच लावून ठेवा, काढूच नका.

९. बजेट किती ठेवू?

किमती वर-खाली होत राहतात, त्यामुळे अंदाजच सांगतो. दोन हजारांच्या आतले, प्लॅस्टिकचे सांधे आणि मध्ये तीन पट्ट्या असलेले ट्रायपॉड मोबाइलला आणि अगदी हलक्या कॅमेऱ्याला घरात चालतात. पठारावर नाही. सहा ते बारा हजारांत वेगळ्या बॉल हेडचा दणकट ॲल्युमिनियम मिळतो, आणि बहुतेक हौशी लोकांचं काम तिथेच भागतं. बरा कार्बन पंधरा हजारांच्या पुढे.

पहिल्यांदा हजाराचा, मग तीन हजारांचा, मग आठ हजारांचा, असं चढत जाणारे विद्यार्थी मी दरवर्षी बघतो. त्यापेक्षा सहा महिने थांबा, वर्गातल्या कुणाचा तरी उसना घ्या किंवा भाड्याने आणा आणि एकदाच चांगला घ्या. कॅमेरा चार-पाच वर्षांत बदलाल, ट्रायपॉड पंधरा वर्षं टिकतो.

१०. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. मला काय लागेल?

पाव इंचाच्या स्क्रूवर बसणारा मोबाइल होल्डर आणि कुठलाही साधा ट्रायपॉड. होल्डरच्या पकडीत स्प्रिंगपेक्षा स्क्रू असलेला बघा, तो मोबाइल सोडत नाही. पुढे कॅमेरा घेणार हे नक्की असेल, तर पाय आत्ताच चांगले घ्या, होल्डर फक्त दीड-दोनशेचा प्रश्न आहे.

११. कासला फुलांसाठी ट्रायपॉड न्यावा का?

ऑगस्ट उजाडला की हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

कासचं पठार म्हणजे जांभ्या खडकाचा सडा. त्यावर मातीचा अगदी पातळ थर, काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही, आणि त्यातच ही फुलं येतात. पश्चिम घाटाबरोबर हे पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, ते या फुलांमुळे. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू ही झाडं काही इंचांचीच. ट्रायपॉडचा एक पाय चुकीच्या जागी पडला, तर फोटो एका फुलाचा येतो आणि दहा चिरडली जातात. त्यामुळे पहिला नियम असा: पायवाट सोडायची नाही, आणि तिन्ही पाय वाटेवर किंवा उघड्या खडकावर टेकतील तेवढीच फ्रेम घ्यायची. गर्दीच्या दिवशी वाटेत पाय पसरून लोकांना अडवायचं नाही. प्रवेशाजवळच त्या हंगामाचे नियम विचारून घ्या.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे. ट्रायपॉड कॅमेरा धरून ठेवतो, फूल नाही. पठारावर वारा जवळजवळ सतत असतो, आणि तेरड्याचं फूल डोलत असताना १/३० सेकंदाला ट्रायपॉडवर काढलेला फोटोही धूसरच येतो. तिथे आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) ८०० करून १/२५० किंवा १/५०० शटर ठेवणं जास्त उपयोगाचं. म्हणून साध्या फुलांच्या फोटोला मी विद्यार्थ्यांना ट्रायपॉड नेऊच देत नाही. वारा पडलेला असताना, ढगाळ उजेडात, अगदी जवळून मॅक्रो काढायचा असेल किंवा फोकस सरकवत आठ-दहा चित्रं घेऊन जोडायची असतील, तर जरूर न्या.

त्यासाठी ट्रायपॉड जमिनीलगत बसणारा हवा: पाय जवळजवळ आडवे पसरणारे आणि मधला दांडा काढता येणारा किंवा आखूड. दांडा उलटा करून कॅमेरा खाली लटकवायची सोय बऱ्याच मॉडेलांत असते, पण तसं काम फार अवघड जातं. पडदा उलटा दिसतो आणि स्वतःचे पायच मध्ये येतात. त्यापेक्षा घडी केलेला जुना टॉवेल खडकावर ठेवून त्यावर कॅमेरा टेकवा. धान्य भरलेली बीनबॅग मात्र कासला नेऊ नका. शिवण उसवली तर ज्वारीचे दाणे पठारावर सांडतात, आणि बाहेरचं बी तिथे पडू नये हीच तर सगळी खटपट आहे. याच कारणासाठी शेतातून आलेला ट्रायपॉड घरी धुऊन, पायांची माती काढूनच पठारावर न्या.

१२. चाळकेवाडीला पवनचक्क्यांजवळ ट्रायपॉड उभाच राहत नाही. काय करू?

पवनचक्क्या तिथे वाऱ्यासाठीच बसवल्या आहेत, त्यामुळे वारा गृहीतच धरा. पाय नेहमीपेक्षा एक खाच जास्त पसरा आणि शेवटचा टप्पा बंदच ठेवा; कॅमेरा कमरेच्या उंचीवर राहिला तरी चालेल. मधला दांडा पूर्ण खाली. एक पाय वारा येतो त्याच्या उलट दिशेला रोखा, म्हणजे ढकललं गेलेलं वजन त्या पायावर येतं. गळ्यातला पट्टा काढून टाका, तो फडफडला की कॅमेरा हलतो. लेन्सचं मोठं हूडही काढून बघा.

दांड्याखालच्या हुकाला पिशवी अडकवायला सगळे सांगतात, पण पिशवी हवेत लोंबकळत ठेवली तर ती झोके घेते आणि ट्रायपॉडलाही घेऊन हलते. तिचा तळ जमिनीला टेकेल एवढी दोरी सोडा. मग गाडीच्या किंवा स्वतःच्या आडोशाला उभं राहून दोन झुळुकांच्या मधली शांतता साधा. ट्रायपॉड सोडून पाच पावलंही लांब जाऊ नका.

१३. ठोसेघरचा धबधबा दुधासारखा दिसणारा काढायचा आहे. ट्रायपॉड आहे, पण फोटो पांढराफटक येतो.

ही ट्रायपॉडची नाही, उजेडाची अडचण आहे. ढगाळ दिवशी आयएसओ १०० आणि एफ ११ ला (लेन्सचं छिद्र बरंच लहान) शटर साधारण १/३० येतं. पाण्याचा रेशमी पदर दिसायला पाव ते दोन सेकंद लागतात. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावला की १/३० चे १/४ होतात, सहा स्टॉपचा लावला की २ सेकंद. मला स्वतःला अर्ध्या सेकंदाच्या आसपासचं पाणी आवडतं, त्यात धार दिसते. त्याहून जास्त ठेवलं की नुसता धूर दिसतो.

गॅलरीत लोक फिरत असतात, त्यांच्या पावलांची धडधड ट्रायपॉडपर्यंत येते. कठड्याला ट्रायपॉड टेकवू नका, आणि आजूबाजूचे लोक थांबले की बटण दाबा. तुषारांनी लेन्स भिजते, तेव्हा दर दोन फोटोंनंतर पुसायला सुती फडकं खिशात हवं.

१४. आकाशगंगेच्या फोटोसाठी वेगळा ट्रायपॉड लागतो का?

वेगळा नाही, पण वीस सेकंद निश्चल राहणारा हवा. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, याचा सोपा हिशेब असा: ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा. फुल फ्रेमवर (मोठा, ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) २० मिमीला २५ सेकंद. क्रॉप सेन्सरवर (त्याहून लहान सेन्सर) आधी दीडने गुणायचं, म्हणजे १८ मिमीची लेन्स २७ मिमी धरून साधारण १८ सेकंद. जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तारे तरीही लांबट दिसतात, तिथे ५०० ऐवजी ३०० घ्या.

आपल्याकडे हंगाम मार्च ते मे. मार्चमध्ये आकाशगंगेचा मधला भाग पहाटे आग्नेयेला वर येतो, मे महिन्यात रात्री दहा-अकरालाच दिसू लागतो. अमावस्येच्या आसपास बामणोलीकडे किंवा गावाच्या दिव्यांपासून लांब जागा बघा. पावसाळ्यात आभाळच नसतं. हेड असं हवं की अंधारात हाताला नॉब ओळखू येईल. पायांना चमकणारी पट्टी चिकटवली तर कुणी अडखळून पाडत नाही.

१५. मायणीला पक्ष्यांसाठी १५०-६०० लेन्स वापरतो. कॅमेरा ट्रायपॉडवर लावला की पुढे झुकतो.

दोन किलोच्या आसपासची लेन्स असेल तर कॅमेरा नाही, लेन्स ट्रायपॉडला लावायची. तिच्या कडीखालच्या पायाला प्लेट लावा आणि पुढे-मागे सरकवून तोल साधा. हात सोडल्यावर जोडणी आडवी राहिली की तोल बरोबर. बॉल हेडवर एवढी जड जोडणी निसटली तर थेट पायावर आपटते आणि बोट मध्ये सापडतं. गिंबल हेड घेतलंत तर लेन्स झोपाळ्यासारखी तोलून राहते आणि उडणाऱ्या बगळ्यामागे एका बोटाने फिरवता येते. पायांची क्षमता प्रश्न ४ प्रमाणे मोजा. तीन किलोच्या जोडणीला निदान आठ-नऊ किलो.

१६. लग्न आणि गाण्याच्या कार्यक्रमांचं शूटिंग करतो. फोटोचा ट्रायपॉड चालेल का?

एका जागी स्थिर फ्रेम लावून सोडायची असेल तर चालेल. कॅमेरा वळवायचा असेल तर नाही, बॉल हेडवर पॅन धक्के खातच होतं. फ्लुइड हेड (कॅमेरा धक्क्याशिवाय संथ वळवणारं) घ्या, आणि त्याचा ताण कमी-जास्त करता येतो का ते बघा. पायांच्या माथ्यावर वाटीसारखा खोलगट सांधा असेल तर उत्तम, मग प्रत्येक पाय वर-खाली न करता हेड एका मिनिटात समतल होतं.

मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेसारख्या ठिकाणी रात्रभर बसायचं असतं आणि श्रोते जमिनीवर असतात. तिथे उंच ट्रायपॉड मागच्यांना अडवतो. बसल्या उंचीवर नीट उभा राहणारा, लॉक उघडताना खट्ट आवाज न करणारा ट्रायपॉड निवडा. आणि लाकडी स्टेजवर कधीही लावू नका. तबलजीच्या प्रत्येक थापेला चित्र हलतं.

१७. पालखीला, यात्रेला ट्रायपॉड घेऊन जाऊ का?

नको. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं तेव्हा माणूस माणसाला खेटून असतो. तिथे पसरलेल्या तीन पायांत कुणी अडखळलं तर चेंगराचेंगरीला निमित्त होईल. मोनोपॉड, म्हणजे एकाच पायाचा दांडा, न्या. तो कॅमेऱ्याचं वजन पेलतो, दोन-तीन स्टॉपचा आधार देतो आणि क्षणात उचलता येतो. दूरवरून, एखाद्या घराच्या गच्चीवरून काढणार असाल तर ट्रायपॉड चालेल, पण मालकांची परवानगी घेऊनच.

१८. किल्ल्यावर, देवळात ट्रायपॉड लावला तर अडवतात का?

केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड वापरायला आधी परवानगी लागते. हातात कॅमेरा घेऊन फोटो काढू देतात म्हणून ट्रायपॉडही चालेल असं समजू नका. देवळांचे नियम त्या त्या देवस्थानाचे असतात. गाभाऱ्यात तर विचारूसुद्धा नका. बाहेरच्या आवारात पुजाऱ्यांना किंवा विश्वस्तांना आधी भेटून विचारलं, तर बहुतेक वेळा काही ना काही मार्ग निघतो. दगडी फरशीवर टोकदार खिळे लावलेले पाय टेकवू नका, रबरी बूट चढवा. खिळे चिखलासाठी आणि मातीसाठी.

१९. वाळू, चिखल, भंडारा गेलेला ट्रायपॉड साफ कसा करायचा?

नदीची वाळू किंवा काळा गाळ असेल तर पाय बंद करायच्या आधीच नळाखाली धरा. बंद केलात तर सगळी वाळू नळीत ओढली जाते. साधं पाणी, मग पाय पूर्ण उघडे ठेवून सावलीत रात्रभर वाळवा. पिळायची लॉक वर्षातून एकदा तरी पूर्ण उघडून, जुनं ग्रीस पुसून, थोडं नवं लावा. आतल्या अर्ध्या-अर्ध्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कुठल्या खाचेत होत्या त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर परत बसवताना तासभर जातो.

भंडाऱ्याचं वेगळं आहे. पालच्या खंडोबाच्या यात्रेत हवाच पिवळी होते, आणि ती बारीक पूड लॉकच्या रबरापर्यंत जाते. त्यावर लगेच पाणी टाकलंत तर हळदीचा चिखल होऊन बसतो. आधी कोरडा रंगाचा ब्रश, मग हवेचा फुगा, आणि अगदी शेवटी ओलं फडकं. जायच्या आधीच लॉकवर प्लॅस्टिक गुंडाळून रबरबँड लावला तर हे काम निम्मं होतं.

२०. ट्रायपॉड चांगला आहे, तरी फोटो हलतो. काय चुकतंय?

पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासा. बटण बोटाने दाबताय का? दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरा. जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर चालू राहिलं तर ती नसलेली कंपनं शोधत स्वतःच हलत राहते. ते बंद करा. डीएसएलआर असेल तर आरसा वर उडण्याचा धक्का १/३० ते १ सेकंदाच्या दरम्यान जास्त जाणवतो, लाइव्ह व्ह्यूमधून काढा. प्लेटचा स्क्रू नखाने आवळलेला असतो, तो नाण्याने आवळा.

आणि जमीन बघा. सांगलीच्या १९२९ सालच्या आयर्विन पुलावर उभं राहून कृष्णेचा संध्याकाळचा फोटो काढणाऱ्यांची हीच तक्रार असते. पुलावरून वाहन गेलं की पूल थरथरतो, आणि त्याबरोबर ट्रायपॉडही. कितीही महागडा आणा, फरक पडणार नाही. दोन वाहनांच्या मधला वेळ पकडा, किंवा खाली घाटावर या. घाटाशेजारच्या गाळात पाय रोवणार असाल तर आधी जोराने दाबून बसवा, नाहीतर वीस सेकंदांत तो हळूच अर्धा सेंमी खचतो.

२१. सेकंडहँड घ्यावा का?

जरूर. कॅमेऱ्यापेक्षा ट्रायपॉड सेकंडहँड घेणं कमी धोक्याचं. प्रत्येक लॉक आवळून वरून तळहाताने वजन द्या, कुठलीही नळी सरकली तर लॉक झिजलंय. वरचा माथा धरून पिळून बघा, सांध्यात खडखड नको. कार्बन असेल तर नळीवरून नख फिरवा, तड हाताला लागते. प्लेट सोबत आहे ना ते विचारा. नसेल तर ती अजून मिळते का, याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका.

२२. एसटीने आणि दुचाकीवरून नेताना काय काळजी घ्यायची?

४५ सेंमीपर्यंत मिटणारा ट्रायपॉड सॅकच्या बाजूच्या खिशात उभा राहतो आणि एसटीत मांडीवर मावतो. दुचाकीवर तो आडवा बांधू नका, घाटात शेजारून जाणाऱ्याला लागतो. उभा, पाठीलगत, हेड वर करून बांधा आणि हेडचे सगळे नॉब आवळा. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी ते सैल होऊन गळून पडतात, आणि एकटा नॉब दुकानात सहसा मिळत नाही. विमानाने जायचं असेल तर चेक-इन सामानात टाका, हेड काढून कपड्यांत गुंडाळा.